एकीलाच सोडतात

विहीणबाईंनी फिरत्या पट्ट्यावरून जी निळी बॅग दोन्ही हातांनी ओढून काढली, ती त्यांची नव्हतीच. ज्याची होती तो गृहस्थ शेजारीच उभा होता आणि आधी नम्रपणे, मग जरा कमी नम्रपणे तसं सांगत होता.

"अहो, सगळ्यांनीच निळ्या बॅगा घेतल्या तर माणसानं ओळखायचं कसं?" विहीणबाईंनी उलट त्यालाच झापलं.

तो बिचारा सॉरी म्हणाला. विहीणबाईंसमोर हे असंच व्हायचं. चूक कुणाचीही असो, सॉरी समोरचाच म्हणायचा. त्यांच्या माघारी दोन्हीकडचे नातेवाईक त्यांना 'तोफ' म्हणत, आणि या तोफेच्या धाकट्या मुलाला आपली एकुलती एक मुलगी देणाऱ्या टेलरकाकू त्यांच्या मागे, ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून, जमेल तेवढ्या कमी जागेत उभ्या होत्या.

काकूंचा स्वभावच तसा. दुकानात शिवायला टाकलेले कपडे गिऱ्हाईक महिनाभर नेत नसे, तरी आठवण करायला फोन करताना यांचाच आवाज ओशाळलेला. त्यात मुलीच्या सासूशी बोलायचं म्हणजे तर जीभ टाळूलाच चिकटायची. लग्नात काकूंनी रात्री जागून त्यांच्यासाठी शिवलेला ड्रेस अंगात घालून विहीणबाई भर मांडवात "काखेत सैल आहे" म्हणाल्या होत्या. होता तो सैल. पण म्हणून काय सगळ्यांदेखत सांगायचं?

आज मात्र ते सगळं मागे पडलं होतं. सकाळी जावयाचा फोन आला होता. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, पण रात्रीतून काहीतरी बिनसलं आणि पहाटे ऑपरेशन करावं लागलं. बाळ काचेच्या पेटीत, मुलगी वरच्या मजल्यावर. मग त्याने नर्सकरवी क्षणभर मुलीच्या कानाला फोन लावून दिला होता. ती एवढंच म्हणाली, "आई, ये ना." दोन्ही विहिणी एकाच गावच्या, म्हणून एकाच विमानाने निघाल्या.

बॅगा मिळाल्या आणि पुन्हा जावयाचा फोन आला. विहीणबाईंना हल्ली कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाळ बरंय," जावई म्हणाला. "मी त्याच्यापाशीच आहे. पण ऐका, बायकांच्या वॉर्डात मला सोडत नाहीत. रात्री तिच्याजवळ एकाच बाईला राहू देतात. सहाला खालचं दार लावतात. जी वर जाईल ती सकाळपर्यंत वरच. मध्ये बदली नाही. इथले लोक फार कडक आहेत. तुम्ही सहाच्या आत पोचा."

"एकीलाच?" विहीणबाईंनी विचारलं.

"एकीलाच."

फोन बंद झाला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. काकूंनी ट्रॉलीच्या चाकाकडे पाहिलं. त्यात कुणाच्या तरी स्वेटरचा दोरा अडकला होता.

बाहेर पडायच्या दाराशी चौकशीचं टेबल होतं. तिथल्या मुलीला विहीणबाईंनी इतकं खोदून विचारलं की मागची रांग चुळबुळ करायला लागली. सार निघालं ते असं. बस स्वस्त, पण गल्लीबोळातून थांबत थांबत जाणार. ट्रेन भरवशाची, मात्र मध्ये एकदा बदलायची आणि बदलताना जिने. टॅक्सी थेट दवाखान्याच्या दारात, पण वाटेतल्या पुलावर गर्दी असली तर काही खरं नाही.

"काय करायचं?" विहीणबाई वळल्या.

"तुम्ही म्हणाल तसं," काकू म्हणाल्या.

"सारखं काय मी म्हणेन तसं? मुलगी तुमची आहे ना?"

विहीणबाईंनी मोठा उसासा सोडला.

"हे बघा. माझे गुडघे काही जिने चढायचे नाहीत. मी टॅक्सीने जाते, तुम्ही ट्रेनने जा. पूल तुंबला तर तुम्ही पोचाल, ट्रेनचं काही झालं तर मी पोचेन. दोघी एकाच वाहनात अडकलो तर पोरगी रात्रभर एकटी पडेल. आणि ती बॅग द्या इकडे. ओझं घेऊन धावणार आहात का?"

बोलणं बिनतोड होतं. पण काकूंच्या मनात पाल चुकचुकली. थेट दारात जाणारी टॅक्सी कुणाला, आणि अनोळखी शहरात जिने चढून बदलायची ट्रेन कुणाला? एकीलाच सोडतात हे ऐकल्यावरच ही वाटणी कशी सुचली? 'मीही टॅक्सीनंच येते' हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि नेहमीसारखं तिथूनच परत गेलं. बॅगेत बाळासाठी शिवलेली झबली होती. तीही टॅक्सीत बसून पुढे गेली.

ट्रेन खरंच झकास होती. गार, स्वच्छ, झपझप पळणारी. काकूंना तिचं कौतुक करायला सवड नव्हती. डोळ्यांपुढे पूल होता, आणि, देवा, पूल रिकामा होता. तो रिकामा असावा असंच त्यांना वाटायला हवं होतं. मुलीजवळ कुणीतरी लवकर पोचेल, विहीणबाई काय शत्रू आहेत? त्यांचीही ती सूनच ना? मनाला त्या असं बजावत होत्या आणि मन काही केल्या बधत नव्हतं. 'आई, ये ना' हे एकीलाच म्हटलेलं होतं.

बदलायच्या स्टेशनवर त्या जिने चढल्या, विचारत विचारत योग्य फलाटावर गेल्या. गाडी उभीच होती. दारासमोर गर्दी होती. काकू सवयीने एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी बाजूला झाल्या, मग कडेवर मूल असलेल्या बाईसाठी, मग त्या बाईच्या मागे आणखी कुणासाठी. आणि दार मिटलं. काचेपलीकडून ती मूल घेतलेली बाई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि गाडी गेली.

"अगं बाई!" काकू स्वतःलाच म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. जन्मभर बाजूला होत आल्या, आज तरी घुसायला काय झालं होतं?

पुढची गाडी यायला फार वेळ लागला नाही, पण तेवढा वेळच तर हातात नव्हता. त्यात दवाखान्याच्या स्टेशनवर त्या भलत्याच दाराने बाहेर आल्या. समोर दवाखान्याची लांबच लांब भिंत, आणि फाटक पार पलीकडे. रस्त्यापलीकडच्या घड्याळात सहा वाजून गेले होते.

काकू पळाल्या. चपलेचा पट्टा तुटला तेव्हा चपला हातात घेऊन पळाल्या. लोक बघत होते, बघू देत. आता धावून काही उपयोग नाही हे कळत होतं. विहीणबाई केव्हाच वर पोचल्या असतील, मुलीच्या उशाशी खुर्ची ओढून नर्सला सूचना देत असतील. निदान पोरगी एकटी नाही. तेवढं धरून त्या पळत राहिल्या, आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या त्या पुसायला हात मोकळा नव्हता.

फाटकातून आत शिरल्या आणि आवाज कानावर आला. तो आवाज ओळखायला कान द्यावा लागत नसे.

"लावा दार! लावून तर बघा!"

बायकांच्या वॉर्डाच्या दारात, अगदी उंबऱ्यात, वॉचमनची खुर्ची मांडून तिच्यावर विहीणबाई बसल्या होत्या. काचेचं दार त्यांच्या खांद्याला टेकून अर्धवट उघडं होतं. पायाशी दोन्ही बॅगा. वॉचमन समोर उभा राहून घामाघूम झाला होता.

"बाई, किती वेळ हेच चाललंय! मघापासून सांगतोय, जायचं तर तुम्ही वर जा. तुम्ही पेशंटच्या नातेवाईकच ना?"

"सासू आहे मी तिची."

"मग जा की!"

"पोट फाडलंय तिचं. डोळे उघडून तिनं काय सासूचं तोंड बघायचं? घरी जाऊन बायकोला विचारा, म्हणजे कळेल. तिची आई येतेय."

"आणि नाही आली तर?"

"येईल. कुठंतरी दुसऱ्यांना पुढं जाऊ देत उभी राहिली असेल. मला माहितीय ती बाई. पण येईल."

काकू तिथेच थबकल्या. हातात चपला, पाय धुळीनं भरलेले. विहीणबाईंची नजर त्यांच्याकडे गेली तशा त्या खुर्चीवरून उठल्या. उठताना त्यांचा गुडघा कडकन वाजला.

"आली! ही बघा, ही आई. अहो, त्या चपला टाका तिथेच आणि आत व्हा आधी!"

"विहीणबाई," काकू म्हणाल्या, "तुम्ही केव्हाच्या..."

"पूल मोकळा होता," विहीणबाई म्हणाल्या. "रडताय काय? रडायचं असेल तर वर जाऊन रडा. आणि तिला सांगा, बाळाला बघून आलेय मी. मूठ घट्ट आहे त्याची. जा!"

"तुम्ही कुठे थांबाल?"

"इथे. याची खुर्ची छान आहे."

वॉचमनने हसून हात जोडले आणि काकूंना आत घेऊन दार लावलं. काचेतून काकूंनी वळून पाहिलं. विहीणबाई खाली वाकून त्यांच्या चपला बॅगेशेजारी नीट जोडीने ठेवत होत्या. काकूंनी तिथूनच, त्यांना दिसत नसतानाही, वाकून नमस्कार केला.

वर मुलगी जागी होती. चेहरा पांढराफटक. आईला पाहिल्यावर तिने नुसता हात पुढे केला. काकूंनी तो आपल्या गालाला लावला. मग काकूंनी बाळाच्या मुठीचं सांगितलं.

"त्या आल्यात?" मुलीने विचारलं.

"आल्यात. माझ्या आधी आल्या. खाली बसून राहिल्या आणि मला वर पाठवलं."

मुलीला ते पटायला जरा वेळ लागला. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, "रागावल्या असतील ना गं?"

"रागावल्या की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "खूप रागावल्या. आपल्या बाजूने."