टाळ्या इंजिनाला, काळं तोंड मला

मी एक घासणी बोलतेय. हिरवी, खरखरीत, तळहाताएवढी. नाक मुरडू नका, मी आयुष्यात एकही भांडं घासलेलं नाही. मी रूळ घासते.

पाकिटात आम्ही तिघी होतो. दोघी मोरीवर गेल्या. मला मात्र या घरच्या तात्यांनी गुपचूप खिशात घातलं आणि मागच्या बागेत आणलं.

"अहो, परत घासणी पळवलीत?" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या. "तुमच्या खेळण्यापायी माझी कढई तशीच पडते!"

"खेळणं नाही गं, रेल्वे आहे ती," तात्या म्हणाले.

होती खरीच रेल्वे. फुलांच्या वाफ्यांना वळसे घालत, दगडी बोगद्यातून जाणारे पितळी रूळ. त्यांवर मांजराएवढं लाल इंजिन. वीज रुळांतून चाकांत चढते आणि तिथून इंजिनाच्या पोटात. रूळ काळे पडले की वीज अडते, इंजिन आचके देतं आणि थांबतं. उघड्यावरचं पितळ काळं पडतंच, त्यात कुंपणाजवळच्या वळणावर झाडाचा चीक ठिबकतो. म्हणून तात्या मला लाकडी ठोकळ्यावर बसवायचे, गुडघे टेकायचे आणि अख्खा रूळ घासून काढायचे. झिजायचे मी, काळं व्हायचं माझं तोंड.

आणि टाळ्या? इंजिनाला!

"चल माझ्या राजा," असं तात्या त्याच्याशी बोलायचे. त्यांना वस्तूंशी बोलायची सवयच होती, फक्त माझ्याशी नव्हती. संध्याकाळी राजा मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात, मी पिळून खिडकीच्या गजावर. खोटं कशाला बोलू, मी जळायचे. मला कपाट नको होतं, फडकं नको होतं. 'हिच्यामुळे गाडी चालते' एवढंच एकदा तात्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ते राहिलं बाजूला, उलट सवत आली. तारेची घासणी! चकाकणारी, कुरळ्या केसांची, नखरेल.

"बाबा, तारेची नको," तात्यांची कॉलेजात शिकणारी लेक म्हणाली. "तिच्या तारा तुटतात."

"तू रांगत होतीस तेव्हापासून मी रूळ घासतोय."

"म्हणून तारा तुटायच्या थांबणार आहेत का?"

"शहाणपणा शिकवू नकोस. बघ कसे लख्ख झाले!"

झाले खरे लख्ख, तेच तर मला खुपलं. मला जे काम घाम काढून जमायचं, ते हिला नुसतं डोलत जमलं. गजावरून मी सगळं बघत होते. पोरगी बरोबर बोलत होती, पण वय झालं की माणसाचे कान आधी थकतात आणि जीभ सगळ्यात शेवटी.

सुट्टीच्या दिवशी काकूंचे भाऊ आले. तिखट जिभेचे मामा. तात्यांनी ऐटीत गाडी सोडली. बोगद्यातून बाहेर आली, वळणावर कुरकुरली आणि जळका वास सोडून जागच्या जागी थांबली.

"दाजी, दमली वाटतं गाडी. पाणी पाजा तिला!"

तात्यांचा चेहरा पडला. मग ते भडकले, तेही आपल्या राजावरच. "भंगार आहे नुसतं! उखडून टाकतो सगळं. फरशी घालून घेतो इथे!"

इंजिनाला शिव्या! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग 'फरशी' हा शब्द डोक्यात शिरला. फरशी पुसायला घासणी लागत नाही. जो मरावा म्हणून मी रोज जळत होते, तो मेला तर माझीही रवानगी कचऱ्यात होती. जन्मात पहिल्यांदा मी त्या लाल बोक्यासाठी प्रार्थना केली.

लेकीने इंजिन उचललं, स्क्रू काढून पोट उघडलं. आतल्या मोटरच्या चुंबकाला बारीक तारांचा झुपका चिकटला होता.

"हे बघा बाबा. हे केस कुणाचे?"

मामा वाकून म्हणाले, "दाजींचे तर नक्कीच नाहीत."

काकूंना हसू आवरेना. तात्यांनी टक्कल खाजवलं, पण 'चुकलो' काही म्हणाले नाहीत. लेकीने चिमट्याने एकेक तार काढली, फडक्याने रूळ पुसले, मला गजावरून उतरवून ठोकळ्यावर बसवलं आणि चिकाच्या वळणावर दोनदा फिरवलं. गाडी सुटली ती वाऱ्यासारखी. टाळ्या पुन्हा इंजिनालाच. सवत मात्र कढईकडे गेली, तेवढंच सुख.

त्यानंतर तात्यांनी मलाच वापरलं, मुकाट्याने. आता माझ्या मधोमध भोक पडलंय. आज सकाळी त्यांनी मला ठोकळ्यावरून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सगळ्यात वर आहे, म्हणून दिसतंय आणि ऐकू येतंय. पाकिटातून एक कोरी हिरवी पोरगी निघाली. तात्यांनी तिला ठोकळ्यावर बसवलं आणि इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही असं समजून, हळूच म्हणाले,

"हे बघ, आधीची फार गुणी होती. तिच्यामुळे गाडी चालत होती. तुला जमतंय का बघू."

घ्या! माझं कौतुक, तेही दुसरीच्या तोंडावर आणि मी डब्यात पडल्यावर. कुणाबद्दल चार शब्द चांगले बोलायचे असतील, तर ते माणूस ऐकू शकतं तेव्हा बोला हो! कसली लाज वाटते तुम्हाला?

डब्याचं झाकण लागायच्या आत मी त्या नवीकडे एकदा नीट बघून घेतलं. तिचं तोंड उतरलं होतं. रूळ अजून पाहिलाही नव्हता आणि ती माझ्यावर जळायला लागली होती.

जळू दे.