शेवटची पोळी

"आजी, तूच सांग ना, कोणतं घेऊ?" उर्वीने पाचही पिल्लांना एकदम कुशीत घ्यायचा नाद शेवटी सोडून दिला होता.

सरोजिनीबाई सोफ्याच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. घर पलकचं, पिल्लं तिच्या कुत्रीची, आणि पलक बोलण्यात मोठी चटपटीत. आई पूडल, बाप कॉकर स्पॅनियल, केस फारसे गळत नाहीत, हे तिने सरोजिनीबाईंच्या मुलाला, जयेशला, दोनदा समजावून सांगितलं होतं. उर्वीला जरा काही झालं की शिंका येतात, म्हणून घरात महिनाभर या केसांवरच खल चालला होता. पोरीच्या शाळेसाठीसुद्धा एवढा विचार झाला नव्हता.

बाईंनी नुसता हात पुढे केला. चार पिल्लं आपसात झोंबत राहिली. पाचवं, बदामी रंगाचं, डुलत डुलत आलं आणि त्यांचा तळवा हुंगू लागलं. बोटं हुंगली, मनगट हुंगलं, पण हात काही सोडेना.

"हेच! यानं आजीला पसंत केलं!" उर्वी ओरडली.

पलक हसली. "आंटीजी, तुमच्या हाताला कुत्र्याचा वास येतोय वाटतं. घरी आणखी कोणी आहे क्या? बघा हं, याचे टीके, ते लसीचे इंजेक्शन, पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत. तोवर बाहेरचा कुत्रा बिलकुल जवळ नाही येऊ द्यायचा. बीमारी लागली तर वाचत नाहीत हे."

"छे हो," जयेशच्या आधी सरोजिनीबाईच बोलल्या. "आमचं कुठलं कुत्रं?"

बोलून गेल्या आणि त्यांचे कान तापले. घरून निघताना फाटकाशी भुऱ्याने हाच हात चाटला होता.

भुऱ्या गल्लीतला. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, हा सरोजिनीबाईंच्या सासरचा नेम, आणि गेली नऊ वर्षं ती शेवटची पोळी भुऱ्याची होती. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नसे. त्या पायरीवरूनच फाटकापलीकडे पोळी फेकत आणि भुऱ्या ती वरच्यावर झेलत असे. यजमान, वासुदेवराव, गेले तेव्हा तीन दिवस घरात पोळी झाली नाही. भुऱ्या तीन दिवस फाटकाशी बसून राहिला, शेजारच्या दारात गेला नाही. हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला डोळे पुसत सांगितलं होतं. आणि आज म्हणे, आमचं कुठलं कुत्रं!

परतताना गाडीत पिल्लू त्यांच्याच मांडीवर झोपलं.

"आई, भुऱ्याची आदत आता तोडावी लागेल," जयेश म्हणाला. "मी भगवलं तर तो जात नाही. तुझंच ऐकतो."

"मी समजावते त्याला."

"समजावून काय होणारे? दोन-चार दिवस पत्थर मार, समझ जाएगा. उर्वीचं पिल्लू मेलं तर चालेल का तुला?"

"बरं," बाई म्हणाल्या. परदेशीपुऱ्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली, तेव्हा हेडमास्तरांनाही त्या हेच म्हणायच्या. घरी वासुदेवरावांनाही.

गाडी थांबली तेव्हा भुऱ्या फाटकाशीच होता. उर्वी पिल्लू ओढणीत लपवून आत पळाली. सरोजिनीबाई सावकाश पायरी चढल्या आणि वळल्या.

"हट्," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. भुऱ्याने शेपटी हलवली.

"आई, पत्थर!" दारातून जयेश म्हणाला.

कठड्यावरच्या कुंडीत गुळगुळीत दगड होते, वासुदेवरावांनी नर्मदेवरून आणलेले. बाईंनी त्यातला एक उचलला आणि भुऱ्याला लागणार नाही अशा बेताने, फाटकापलीकडे फेकला.

भुऱ्याने उडी मारली. झेल हुकला. दगड रस्त्यावर वाजला तसा तो त्याच्यामागे धावला. त्याने दगड हुंगला, नाकाने उलटा केला, एकदा चाटूनही पाहिला. नऊ वर्षांत त्या हातातून दुसरं काही आलंच नव्हतं.

मग तो परत आला, आपल्या जागेवर बसला आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

सरोजिनीबाईंनी हात पदराखाली घेतला.