चांदीची अंडी

चांदीच्या तोंडाला पिवळा बलक लागलेला पाहून मनकर्णाबाईंचा हात थांबला. आज त्यांनी तिला केळं दिलं होतं, अंडं नाही. भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर टिटवी गळा काढून ओरडत होती.

"चांदे, कुठं तोंड घालून आलीस गं?"

चांदीनं जीभ लपलपवली आणि नेहमीसारखी त्यांच्या पायावर हनुवटी टेकली.

चांदी आणि तिचा जोडीदार, ही घोरपडीएवढी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची जोडी वरच्या भाडेकरूची, देवेशची. टेगू म्हणतात, दक्षिण अमेरिकेतले सरडे, असं त्यानं सांगितलं होतं. वाळूजची नोकरी सोडून जाताना "आठवडाभर सांभाळा, मावशी," म्हणाला आणि पुन्हा फोन उचलला नाही. मनकर्णाबाईंनी त्यांना काळू आणि चांदी अशी नावं ठेवली. गंगापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हयात गेलेली, नवरा वारलेला, लेक नाशकात. चिकलठाण्याच्या त्या घरात हाकेला धावून येणारी तेवढी दोनच होती.

त्या भिंतीला वळसा घालून प्लॉटवर गेल्या. टिटवीच्या खड्ड्यात नुसती टरफलं होती. गेल्या पावसाळ्यापासून तितरांची पिल्लं का दिसत नाहीत, तेही आता कळलं. परतताना भिंतीच्या बुडाशी उकरलेलं भुयार दिसलं. आत हात घातला, तर ओल्या मातीत पांढऱ्या, मऊ अंड्यांचा ढीग लागला.

त्या तिथंच मातीत बसल्या. पहिल्यांदा आनंदच झाला, तो खोटा नव्हता. मग टिटवीचा आवाज कानात शिरला. दोघांनी एवढं रान उजाड केलं, ही सगळी निघाली तर?

वनखात्याला त्यांनीच फोन केला.

अमृता नावाची तरुण कर्मचारी पिंजरा घेऊन आली. तिनं रागावून काही म्हटलं नाही. हे प्राणी इथले नाहीत, एकदा रानात पसरले की आवरत नाहीत, एवढं समजावलं. दोघांना बचाव केंद्रात ठेवू, पण अंडी उबू देता येणार नाहीत, म्हणाली. पिंजऱ्यात जायला चांदी काही केल्या तयार होईना. मनकर्णाबाईंनी हाक मारली, तशी मुकाट आत गेली. काळू तिच्यामागोमाग. ते मात्र त्यांना बघवलं नाही.

अंडी फ्रीजरमध्ये ठेवून गारठवावी लागतात. ती मी घेऊन जाते, अमृता म्हणाली.

"नको. माझ्या घरची हायेत. मीच करते."

"मावशी, तुम्हाला जड जाईल."

"जाऊ दे." मग त्यांनी विचारलं, "त्येंना दुखंल का?"

"नुकतीच घातलेली दिसतात. अजून काही कळत नसेल त्यांना."

गाडी जालना रोडकडे वळल्यावर भुयारातली अंडी पदरात घेऊन त्या आत आल्या. फ्रीजरमध्ये एवढा ढीग मावणार नव्हता, म्हणून काटा गोठवण्यावर फिरवून सगळा फ्रीज रिकामा केला. दूध, कोथिंबीर, भिजवलेली मटकी, सगळं ओट्यावर मांडलं. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा फाडून घेतला. आयुष्यभर नवजात लेकरं उबेत गुंडाळलेल्या हातांनी एकेक अंडं पुसलं आणि फडक्यावर ओळीनं ठेवलं, एकाचा धक्का दुसऱ्याला लागणार नाही असं. दार हलकेच लावलं.

बराच वेळ त्यांचा तळवा दारावरच होता. मग ओट्यावरचं दूध उन्हानं नासेल म्हणून त्यांनी गॅस पेटवला.