सांगून गेलो होतो

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. आणि कुणी ‘येतो’ म्हणालं की हातातलं काम कितीही महत्त्वाचं असो, ‘या’ म्हणायचं. आईनं लावलेली ही सवय संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला अमेरिकेत ॲन आर्बरला आल्यावरही सावनीला सुटली नव्हती. सवयच ती, डोक्याला विचारून थोडीच तोंडातून बाहेर पडते!

२००६ च्या जानेवारीतल्या त्या दुपारी ती जेवणाच्या टेबलावर प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाशी झटापट करत होती. सासरे त्र्यंबकराव हॉलमध्ये पेपर उलटा धरून बसले होते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तिच्या नवऱ्यानं, सौमित्रनं, वडिलांना नागपूरहून इकडे आणलं. विसरणं वयाचं म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. अल्झायमर हे नाव कळेपर्यंत त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं होतं, आणि सुनेचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. सौमित्र दिवसभर ऑफिसात, म्हणून दिवसाची पाळी सावनीची.

एक समीकरण सुटलं, तिनं मान वर केली आणि हॉल रिकामा दिसला.

“बाबा?” बाथरूम पाहिलं, बेडरूम पाहिली, कपाटसुद्धा उघडलं. मग ती दाराकडे आली. दाराची साखळी लोंबत होती. सकाळी टपाल आणल्यावर ती लावायची राहून गेली होती. विसरण्याचा मक्ता काय एकट्या त्र्यंबकरावांकडे होता? त्यांचं जाकीट खुंटीवर होतं, बर्फातले बूट जागेवर होते. चपला तेवढ्या नव्हत्या.

तेव्हा तिला आठवलं. मघाशी कुणीतरी म्हणालं होतं, “येतो गं.” आणि स्क्रीनवरून नजर न हलवता ती म्हणाली होती, “हो, या.”

मघाशी म्हणजे केव्हा? दहा मिनिटं झाली की पाऊण तास? बाहेर शून्याखाली चौदा होतं. थंडीमुळे शाळासुद्धा बंद ठेवल्या होत्या.

तिनं तातडीच्या मदतीचा ९११ फिरवला. त्यांनी काय घातलंय, असं पलीकडच्या बाईनं विचारलं. सकाळी सावनीनंच त्यांच्या स्वेटरची बटणं लावली होती आणि आता रंग आठवेना. निळा? राखाडी? इंग्रजी येतं का त्यांना? “नॉट एनी मोअर,” ती म्हणाली.

घरीच थांबा, असं बाईनं बजावलं. सावनी थांबली नाही. बसस्टॉप रिकामा होता. इमारतीमागचं तळं गोठलेलं होतं. तिकडे बघायचं धाडस व्हायला तिला वेळ लागला. वरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. देवा, तिकडे नाहीत. मग कुठे?

मनगटावरच्या घड्याळात चार वाजत होते. रोज याच सुमाराला ते म्हणायचे, “पद्मिनीची शाळा सुटेल.” सासूबाई शिक्षिका होत्या, नागपूरला वीस वर्षं ते त्यांना शाळेतून स्कूटरवर आणायचे. रोज ऐकून ऐकून सावनीनं ते ऐकणंच सोडलं होतं. दोन गल्ल्या सोडून एक शाळा होती. आज बंद, म्हणजे तिथे त्यांना बघायलाही कुणी नसणार.

ती घसरत, धडपडत पळाली.

फाटकाशी त्र्यंबकराव ताठ उभे होते. ओठ जांभळे पडले होते, चपलांतली बोटं पांढरीफटक झाली होती. स्वेटर तपकिरी होता. “अजून सुटली नाही,” ते म्हणाले. आपलं जाकीट त्यांच्याभोवती गुंडाळून, त्यांना फाटकाच्या कट्ट्यावर बसवून सावनी त्यांचे पाय पोटाशी धरून बर्फात बसली आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत मोठ्यानं रडत राहिली.

बोटं वाचली. आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी परतल्यावर सौमित्रनं विचारलं, “बाबा, असं न सांगता जातात का?”

त्र्यंबकराव दुखावले. “न सांगता? सांगून गेलो होतो. ही या म्हणाली.”

सौमित्र सावनीकडे वळून हळूच म्हणाला, “बघ, आता हेही सुरू झालं. तू इग्नोर कर, यार.”

गप्प बसली असती तर चाललं असतं. त्यांचं कुणी खरं मानलं नसतं, उद्यापर्यंत ते स्वतःही विसरले असते. या माणसाशी कुणी कसंही वागलं तरी ते कुणाला कळणार नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तळ्याकडे बघताना वाटली नव्हती एवढी भीती तिला वाटली. स्वतःचीच.

“खरं बोलतायत ते,” ती म्हणाली. “मीच म्हटलं.”

सौमित्रनं उठून दाराची साखळी लावली.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला दाराकडून आवाज आला. “येतो गं.”

‘या’ अगदी दातांपर्यंत आलं. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि ती उठून हॉलमध्ये आली. साखळी लावलेली होती, पण त्र्यंबकरावांनी तिला हातही लावला नव्हता. टोपी घालून ते नुसते उभे होते. उत्तर मिळाल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, एवढं त्यांच्यात अजून शाबूत होतं. आणखी किती दिवस, कोण सांगणार?

त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

“अगं, या म्हण ना,” ते म्हणाले. “ती थंडीत उभी असेल.”