मुखरूचा काटा आणि लटारूमामाचा हात

मुखरू ड्रायव्हरनं एकदा इंजिन तापवून जाळलं होतं आणि मालकानं चांद्याच्या मोटार अड्ड्यावर, लोकांदेखत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तेव्हापासून तो बायकोचं ऐकत नसे, देवाचंही ऐकत नसे. ऐके ते फक्त गरमीच्या काट्याचं.

त्या उन्हाळ्यात नवरदेव इतवारीचं वऱ्हाड घेऊन तो मूल गावाहून सिंदेवाहीकडे निघाला. गाव मागं पडलं नाही तोच काटा लाल रेघेवर जाऊन चिकटला. मुखरूनं जंगलातच मोटार उभी केली. रेडिएटरचं टोपण उघडलं, तर ना वाफ, ना फसफस, पाणी काठोकाठ. वऱ्हाडी सागाखाली बसले, विड्या ओढून झाल्या. मुखरूनं चावी फिरवली, की काटा पुन्हा लालवरच.

"रस्त्याच्या देवाले काई देल्लं नाई, कोपला तो," नवरदेवाचे मामा लटारू म्हणाले. रस्त्याकाठच्या शेंदरी दगडापुढं लग्नाचा नारळ फुटला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मामांनी जरा जास्तच. काटा ढिम्म.

नवरदेवाची आई सुगंधाबाई उठली. "देवाले मोटार चालवता येते का? पाणी पाह्यलं का कोनी?" तिनं रेडिएटरच्या उघड्या तोंडात बोटं बुडवली. "मुखरूभाऊ, हे तं कोमट आहे. याच्यात माहा इतवारी आंघोळबी करनार नाई."

"काटा म्हंते उकळून राह्यलं, बाई."

"मंग काटा खोटं बोलून राह्यला."

मुखरूला हे बापाला चोर म्हटल्यासारखं लागलं. तरी त्यानं बोनेट उघडलं. इंजिनात एक पितळी बल्ब बसवलेला असतो. पाण्याची गरमी तो तारेनं काट्याला कळवतो. मुखरूनं बल्बावरची तार उपसली. काटा निमूट खाली आला. तार परत लावली, काटा लालवर. म्हणजे तार धड, काटाही धड. बल्बच थंड पाण्यात बसून आग लागल्याची बोंब मारत होता.

मुखरूला हायसं वाटलं, आणि लगेच घाम फुटला. "पन आता खरंच तापलं तं मले कसं कळंल?"

सुगंधाबाईनं भावाकडं पाहिलं. "देवाचं सांगत होतास ना? आता पान्याचं सांग."

फेटा बांधलेले लटारूमामा पुढच्या मडगार्डवर बसले, एक हात रेडिएटरवर. बराच वेळ ते "थंड आहे" म्हणत राहिले. चढावर मात्र "मेलो" असं ओरडले. मुखरूनं मोटार थांबवली, ती निवू दिली, मग नाल्याचं पाणी भरलं. मामांचा तळहात लाल झाला होता. "काट्यापेक्षा तुमी बरे, मामा," तो मनापासून म्हणाला.

मुलीच्या दारी मोटार पोचली, तेव्हा बायका आरती घेऊन उभ्याच होत्या. समोर फेट्यातला माणूस ऐटीत बसलेला. त्यांनी त्यालाच कुंकू लावलं आणि ओवाळायला घेतलं. पन्नाशीच्या मामांनी मान खाली घातली, पण एका शब्दानं हरकत घेतली नाही. खरा नवरदेव आत खिडकीला टेकून घोरत होता.

सुगंधाबाईनं आरती पुरती होऊ दिली. मग म्हणाली, "नवरदेव आत आहे, बाई. हे मोटारीचं सामान आहे."

मुहूर्त केव्हाच टळला होता. भटजींनी पंगतीच्या तयारीकडं एकवार पाहिलं आणि लगेच दुसरा काढला.