पाऊण तासाचा फरक

चंद्रशेखर खोटं बोलण्यात अगदीच कच्चा. आणि असा माणूस दीड महिना रोज बायकोशी खोटं बोलत होता, तेही सौदीतल्या खोबरहून थेट इंग्लंडला, फोनवर!

त्याचं झालं असं. जानेवारीत आखातात युद्ध पेटायच्या आत त्यानं शालिनीला तिच्या भावाकडे, जयदीपकडे, लंडनला धाडलं. निघताना तिनं बजावलं होतं, तुम्हीही दूर पश्चिम किनाऱ्याला, जेद्द्याला बदली घ्या, खोबरमध्येच राहिलात असं कळलं तर मिळेल त्या विमानानं परत येईन. हा हो म्हणाला. पण बदली मागायला गेला तर साहेबांनी धुडकावून लावलं, म्हणे प्लांट कोण बघणार? देश सोडावा तर पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे नोकरीला ठेवणाऱ्या अरब मालकाच्या, तिजोरीत. मग काय करतो बिचारा? आपण जेद्द्याला सुखरूप आहोत अशी थाप ठोकून दिली. शालिनी बोलली की करून दाखवणारी बाई. ती उठून इथं क्षेपणास्त्रांच्या तोंडी येऊन बसेल, या धास्तीनं याला घास गोड लागत नव्हता.

तिकडे ती दिवसभर टीव्हीला चिकटून बसते म्हणून जयदीपनं तिला ड्रायव्हरसकट गाडी लावून दिली. गाडीत फोनसुद्धा! हॅरिस नावाचे पिकल्या मिशांचे ड्रायव्हर रोज दार उघडून उभे. विंडसरचा किल्ला, स्टोनहेंजच्या शिळा, मेंढ्यांनी भरलेली खेडी. थाट असा की कुठल्या संस्थानच्या राणीसाहेबच निघाल्यात. जेद्द्याचा नंबर कुठून देणार, म्हणून फोन नेहमी हाच करायचा. साडेचारला, दोन अजानांच्या मधे. तीही लगेच उचलायची आणि रंगवून सांगायची, किल्ल्यात पायऱ्या किती, कुठली शिळा कललीय. बायको मजेत आहे म्हणून याला तेवढंच बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका रात्री खोबरमध्ये सैनिकांच्या बराकीवर क्षेपणास्त्र पडलं. याच्या फ्लॅटच्या खिडक्या खडखडल्या. दुसऱ्या दिवशी सगळं गाव फोनला लटकलेलं, लाइन कशी मिळणार? तासभर नंबर फिरवून फिरवून बोट दुखलं, तेव्हा कुठे साडेपाचनंतर लागला.

शालिनीनं गाडीतल्या रेडिओवर खोबरची बातमी ऐकली होती. ती रडतच होती. देवाची कृपा म्हणून तुम्ही जेद्द्याला आहात, हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मशिदीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान सुरू झाली. यानं घाईघाईनं माउथपीसवर हात दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. जेद्द्यात सूर्य खोबरपेक्षा पाऊण तास उशिरा मावळतो, आणि ही बाई नऊ वर्षं खोबरमध्ये याच अजानवर घरात देवापुढे दिवा लावत आलेली!

मग तिनं विचारलं, "अहो, जेद्द्यात आत्ता ऊन असेल ना?"

संपलं. चंद्रशेखरनं सगळं ओकून टाकलं. बदली, साहेब, कालच्या खिडक्या, सगळं. आणि शेवटी गयावया करून म्हणाला, "शालू, हात जोडतो, पण इकडे येऊ नकोस."

"काल रात्री तुम्ही तिथंच होतात?"

"हो."

"लागलं नाही ना कुठं?"

"खरचटलंसुद्धा नाही."

तिनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की तो खोबरपर्यंत ऐकू आला. आता विमानाचं काढणार म्हणून हा डोळे मिटून बसला. पण ती म्हणाली, "मी येत नाही. मात्र यापुढे खरं सांगायचं. मीही खरं सांगते. मी एकही किल्ला पाहिलेला नाही."

आता आ वासायची पाळी याची. अहो, ही महिनाभर गाडीतच बसून! याचा फोन चुकेल, बातमी चुकेल, म्हणून जागची हलायचीच नाही. बिचारे हॅरिस एकटे आत जायचे, पायऱ्या मोजून यायचे, तिला सांगायचे, आणि ती याला. याला आधी भडभडून आलं आणि मग हसूच आवरेना. तीही नाक ओढत हसत होती. दीड महिन्यात दोघांना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

आत्ता कुठं आहेस, असं त्यानं विचारलं. सॅलिसबरीला, मोठ्या चर्चच्या दारात, असं ती म्हणाली. कळस बघायला मान मोडावी लागते म्हणे, अजून तिनं काच खाली केलेली नव्हती. मग फोनमध्येच गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बरं, ठेवा आता," शालिनी म्हणाली. "मी आत जाऊन येते."