पपांची नक्कल

माझे वडील कार्मेनु बोलताना अडखळायचे. मेलबर्नच्या सनशाइन भागात त्यांचं पास्टित्सीचं, म्हणजे माल्टाकडच्या खाऱ्या पॅटिसचं, दुकान होतं. पहाटे उठून पापुद्र्यांत रिकोटा चीज भरायचं, दुपारपर्यंत सगळं खपायचं. गिऱ्हाइकांशी ते जेवढ्यास तेवढं बोलत.

१९८७ साली टीव्हीवरच्या शनिवारच्या विनोदी कार्यक्रमात मला काम मिळालं. तीन आठवडे कुणी हसलं नाही. निर्माता म्हणाला, "विन्स, पुढच्या वेळी काहीतरी नवीन आण, नाहीतर येऊच नकोस."

मी पपांना नेलं. म्हणजे त्यांची टोपी, त्यांचा एप्रन आणि त्यांचं अडखळणं. "ग-ग-गरम आहे, त-त-तोंड सांभाळ!" लोक हसून हसून लोळले. नाताळात त्या वाक्याचं गाणंही निघालं आणि रेडिओवर दिवसभर वाजू लागलं.

"च-चांगलं करतोस," पपा म्हणाले. मी ते खरं मानलं. मला मानायचंच होतं.

फेब्रुवारीत एकदा न कळवता दुकानात गेलो आणि दारातच थबकलो. काउंटरपाशी दोन तरुण उभे होते. "काका, म्हणा ना ते!"

पपांनी म्हटलं. माझ्यासारखे डोळे फिरवून, आयुष्यात कधी अडखळले नसतील एवढे अडखळून. ते माझी नक्कल करत होते. पोरं खिदळली आणि डझनभर पास्टित्सी घेऊन गेली.

मागच्या खोलीत ममा पीठ लाटत होती. "हे रोज चालतं?" मी विचारलं.

"रोज. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक रुसतं. तुला सांगू नको म्हणालेत. पोराचं नाव होतंय ना!"

"मी बंद करतो, ममा."

"कर की मग."

मी बंद केलं नाही. करार आहे, असं सगळ्यांना सांगत राहिलो. तो मोडता आला असता.

पुढच्या वर्षी माझ्या बहिणीचं, डोरिसचं लग्न झालं. पपांनी भाषण लिहिलं होतं. कित्येक आठवडे दार लावून ते म्हणून बघत होते. हॉलमध्ये उभे राहिले. "म-माझी..." मागच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. ती सवय मीच लावली होती. पपांनी कागदाची घडी केली, शेजारी बसलेल्या माझ्या काकांच्या हातात दिली आणि खाली बसले. काका भाषण वाचत असताना डोरिस माझ्याकडे बघत होती.

सोमवारी मी कार्यक्रम सोडला आणि दुकानात गेलो. पपा ट्रे घासत होते.

"पपा, मी चुकलो. तुम्हाला जगापुढे उभं करून मी मोठा झालो."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, माझ्याकडे वळले. "म-म-म..." मानेच्या शिरा ताणल्या. आम्ही लहान असताना ममानं आम्हाला एकच गोष्ट बजावून शिकवली होती: पपांचा शब्द त्यांचा त्यांना काढू द्यायचा. पण मला धीर निघाला नाही.

"माफ केलंत?" मी म्हणालो.

त्यांचे ओठ मिटले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते काहीतरी वेगळंच सांगत होते.

"पपा, बोला ना, मी थांबतो."

"जाऊ दे," ते म्हणाले. अगदी सरळ, न अडखळता. आणि पुढचा ट्रे घ्यायला वळले.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. त्या दिवशी काय सांगायचं होतं, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला जेवायला बसवलं.